दौऱ्यावर गेलेलं गाऱ्हाणं

माझ्या बापाचा आवाज युरोपात फिरत होता आणि बाप बोरीवलीत गॅलरीत बसून होता. हे कोणाला सांगितलं की लोक म्हणतात, वा, काय झकास गोष्ट आहे. झकास वगैरे काही नव्हती. ज्याला ती झकास वाटते त्यानं माझ्या जागी ड्रमच्या मागे अंधारात बसून बघावं.

मी एका रेगे बँडमध्ये ड्रम वाजवतो. रेगे म्हणजे जमैकाचं संगीत. रेगे म्हटलं की आपल्याकडे लोक दोनच प्रश्न विचारतात: ते जटांसारखे केस कुठे गेले, आणि गांजा ओढतोस का? केस बापाकडून मिळाले तसे बापासारखेच गेले. गांजाचं म्हणाल तर आईनं त्याच दिवशी उंबऱ्याबाहेर उभं केलं असतं. बाकी पोटापाण्यासाठी मी बोरीवलीतल्या सोसायट्यांमधून मुलांना ड्रम शिकवतो आणि त्यांच्या आजोबांच्या शिव्या खातो.

बाबांना माझं वाजवणं सुरुवातीला अजिबात पटायचं नाही. ते पखवाजवाले. मिल बंद पडल्यावर एका ऑफिसात शिपाई म्हणून लागले, पण आपल्या भजनी मंडळात त्यांचा रुबाब साहेबाचा. रेगेमध्ये पहिल्या मात्रेवर ड्रमर काही वाजवतच नाही, ठोका पडतो तिसऱ्या मात्रेवर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाबा माझ्याकडे बघतच राहिले. "सम खंय गेली रे? मेल्या, पयलोच ठोको खाल्लंस तू." मी म्हटलं, बाबा, ह्यात तसंच असतं. ते म्हणाले, "असात. पण बघ, लोक हसतीत." लोक हसले नाहीत. खरं तर कित्येक वर्षं लोक आलेच नाहीत.

आमच्या घरात कुठलीही नवी गोष्ट गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. फ्रिज आला, गाऱ्हाणं. माझी दहावीची परीक्षा, गाऱ्हाणं. देवासमोर नारळ ठेवायचा, बाबांनी हात जोडून गावच्या देवाला हाक मारायची, एकेक मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्यावर मागे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांनी एका दमात म्हणायचं, "व्हय म्हाराजा." मग नारळ फोडायचा. कोकणातल्या कुठल्याही घरात होतं तसंच. फक्त आमच्या घरात एक रीत फार कडक होती. गाऱ्हाणं बापानं घालायचं. बाप आहे तोवर मुलानं तोंड उघडायचं ते फक्त "व्हय म्हाराजा" म्हणायला. आजोबा खाटेवर पडले होते तेव्हासुद्धा बाबा त्यांच्या उशाशी बसून त्यांच्याकडूनच गाऱ्हाणं घालून घ्यायचे. आजोबा गेल्यावरच बाबांनी पहिल्यांदा घातलं.

आमच्या नव्या अल्बमचं रेकॉर्डिंग गोरेगावला एका भाड्याच्या खोलीत झालं. आमची साउंड इंजिनीअर तिथेच राहते आणि तिथेच काम करते. पहिल्या दिवशी बाबा पिशवीत नारळ आणि उदबत्त्या घेऊन हजर. मला लाज वाटली. पण आमचा गायक घाटकोपरचा गुजराती आहे, त्याला असल्या गोष्टींचं फार कौतुक. तो म्हणाला, "काका, करा ना. आम्ही सगळे मागे उभे राहतो." बाबांनी ॲम्प्लिफायरसमोर नारळ ठेवला आणि सुरू केलं. बारा गावच्या, बारा वेशीच्या देवाला हाक मारली. ही पोरां नवां काम हातात घेतत हत, तेंका यश दी रे म्हाराजा. हेंच्या वायरींचो शॉक कोणाक लागांदे नको रे म्हाराजा. ह्या माझ्या झिलाचो हात ठोक्यार रवांदे रे म्हाराजा. झील म्हणजे मुलगा, म्हणजे मी. आणि शेवटी, घराभायर पडतले तर गेले तसे सुखरूप घराक येवंदेत रे म्हाराजा. आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" करत होतो. गायकाचा उच्चार असा होता की मला हसू आवरेना.

माइक चालू होते. इंजिनीअरनं सगळं रेकॉर्ड केलं होतं. तिनं ते अल्बमच्या अगदी सुरुवातीला टाकलं, आणि बाबांच्या शेवटच्या "म्हाराजा"नंतर माझा ड्रम सुरू होतो. बाबांना ऐकवलं तेव्हा ते खूश. भजनी मंडळातल्या प्रत्येकाला फोन लावून ऐकवलं. ज्या माणसाला "बरा, ठेवतंय" म्हणून फोन ठेवायला अर्धा तास लागायचा, तो माणूस होता तो.

अल्बम बाहेर यायच्या आधीच बाबांना पक्षाघाताचा झटका आला. सकाळी नॅशनल पार्कच्या गेटपर्यंत चालून आले, चहाचा कप उचलला, आणि कप उजव्या हातातून सुटला. हात नंतर बराचसा परत आला. पायही आला, थोडा ओढत चालतात. वाचा आली नाही. सगळं कळतं, माणसं ओळखतात, क्रिकेट बघतात, नो बॉल दिला नाही की रागानं मांडीवर हात मारतात. पण शब्द नाही.

स्पीच थेरपिस्ट यायच्या. चांगल्या बाई होत्या, चिवट होत्या. चित्रांचे पत्ते दाखवायच्या. हे काय आहे काका? बाबा पत्त्याकडे बघायचे. नारळाचं चित्र असायचं. ज्या माणसानं जन्मभर नारळ सोलले त्याला नारळ म्हणता येईना. ओठ हलायचे, कपाळावर घाम यायचा, आणि मग ते पत्ता उलटा करून ठेवायचे. बाई म्हणाल्या, त्यांना त्यांचाच आवाज ऐकवत जा, फायदा होईल. म्हणून आई रोज जेवणानंतर फोनवर गाऱ्हाणं लावायची. पहिल्या दोन ओळी झाल्या की बाबा हात पुढे करून फोन पालथा घालायचे. आम्हाला वाटायचं, त्रास होतो त्यांना. होणारच. पण दुसरा उपाय सुचत नव्हता, म्हणून आम्ही तेच करत राहिलो.

आणि अशात तो अल्बम चालला. आपल्याकडे नाही, तिकडे. युरोपातल्या रेगेवाल्यांना तो आवाज आवडला. कुठल्या कुठल्या छोट्या हॉलमधून बोलावणी आली आणि दौरा ठरला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर आलं आणि माझा पाय घरातून निघेना. मी आईला म्हटलं, दुसरा ड्रमर बघू देत त्यांना. आई चिडली. "तू जा. हय बसान तेंच्या तोंडाकडे बघीत रवतलस, तेच्यान काय ते बोलतले? मी आसंय मां."

निघायच्या दिवशी आईनं देवासमोर नारळ ठेवला. सवयीनं ठेवला. मग आम्ही तिघं उभे राहिलो आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं. बोलणार कोण? आई बाबांकडे बघत होती, बाबा नारळाकडे बघत होते. मी बोलू शकत नव्हतो, बाप समोर उभा होता. खाली टॅक्सीवाला हॉर्न मारायला लागला. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला दाराकडे ढकललं. नारळ तसाच राहिला. गाऱ्हाणं न घालता मी घराबाहेर पडलो असा तो पहिलाच प्रवास.

दौऱ्याबद्दल लोक विचारतात, मजा आली असेल ना? आली की. पहिल्या आठवड्यात आली. नंतर सगळी गावं सारखीच दिसायला लागतात. व्हॅन, मागच्या दारानं हॉल, साउंड चेक, कोणीतरी आणून दिलेला थंड पास्ता. आईनं दिलेलं कुळथाचं पीठ मी हॉटेलच्या किटलीत कालवून पाहिलं, किटलीची वाट लागली. पण ते सगळं मी सहन केलं असतं. त्रास व्हायचा तो रोज संध्याकाळी, पहिल्या दोन मिनिटांत.

हॉलचे दिवे जायचे. आम्ही अंधारात आपापल्या जागी. आणि वरच्या मोठ्या स्पीकरमधून बाबा बोलायला लागायचे. ठणठणीत, खर्जातले, मधेच खाकरणारे. लोकांना अर्थ कळायचा नाही, पण दुसऱ्या मागण्यापर्यंत त्यांना चाल कळायची. गायक माइकवरून त्यांच्याकडून म्हणून घ्यायचा आणि तिसऱ्याला अख्खा हॉल गर्जायचा, "व्हय म्हाराजा." सोनेरी केसांची माणसं, जमैकाहून आलेली म्हातारी माणसं, बिअरचे ग्लास वर धरलेली पोरं. सगळे माझ्या बापाला होकार द्यायचे. त्या हॉलमध्ये ते गाऱ्हाणं समजणारा मी एकटा होतो, आणि माझ्या तोंडून ते दोन शब्द निघत नव्हते. मी काठ्या घट्ट धरून बसायचो. "ह्या माझ्या झिलाचो हात ठोक्यार रवांदे" आलं की मी काठ्यांची टोकं मांडीवर टेकवायचो.

दुपारी मी घरी फोन करायचो. आईचं ठरलेलं असायचं, जेवलस काय, थंडी आसा काय. मग ती फोन बाबांच्या कानाला लावायची. मी म्हणायचो, बाबा, मी बोलतोय. तिकडून श्वास ऐकू यायचा. गॅलरीखालून रिक्षा गेली की तीही ऐकू यायची. मी थोडा वेळ हवापाण्याचं बोलायचो आणि मग माझेही शब्द संपायचे. संध्याकाळी परत तोच माणूस स्पीकरमधून खणखणीत बोलायचा. स्टेजवरचे बाबा खोटे वाटायचे, आणि फोनवरचे खरे म्हणवत नव्हतं.

बँडमधल्यांशी काय बोलणार? गायक चांगल्या मनाचा आहे, पण तो म्हणायचा, "यार, काका सुपरस्टार झाले. त्यांना व्हिडिओ पाठव ना, किती खूश होतील." त्यानं टी-शर्टही छापून घेतले होते, छातीवर देवनागरीत "व्हय म्हाराजा". टेबलावर मांडले की भराभर संपायचे. एका मुलीनं मला विचारलं, ह्याचा अर्थ काय? मी म्हटलं, "हो". ती म्हणाली, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. त्या पाच आठवड्यांत मला जितकं एकटं वाटलं तितकं आयुष्यात कधी वाटलेलं नाही, आणि मी दिवसभर माणसांत होतो.

मग हँबर्गचा कार्यक्रम. हॉल भरलेला होता. दिवे गेले, आणि काही झालं नाही. मागे इंजिनीअरचा लॅपटॉप बंद पडला होता. तिचा टॉर्च हलताना दिसत होता. गायक माझ्याकडे वळून कुजबुजला, "आपण डायरेक्ट गाणं सुरू करू." मी काठ्या उचलल्या. तेवढ्यात लोकांमधून कोणीतरी ओरडलं, "व्हय म्हाराजा." अल्बम ऐकून आलेले लोक होते, त्यांना सुरुवात पाठ होती. मग आणखी चार जण. मग अख्खा हॉल. "व्हय म्हाराजा." थांबायचे, वाट बघायचे, परत. "व्हय म्हाराजा."

कोणी काही मागितलंच नव्हतं आणि होकार येत होता. माझ्या बापाची जागा रिकामी होती आणि सगळे त्या जागेकडे तोंड करून ओरडत होते. मला ते ऐकवेना. खरंच ऐकवेना. माझ्यासमोर एक माइक असतो, मागचा सूर धरायला. मी तो ओढला आणि बोललो. बारा गावच्या, बारा वेशीच्या देवा म्हाराजा. सगळं क्रमानं आलं. झिलाच्या हाताचं आलं तेव्हा मी "माझो हात" असं म्हटलं. शेवटचं "घराक येवंदेत" संपलं आणि मी तिसऱ्या मात्रेवर ठोका दिला.

कार्यक्रम छान झाला म्हणतात. मला काही आठवत नाही. मला एवढंच आठवतं की वाजवताना एकच विचार डोक्यात घुमत होता: बाप असताना मी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे मुलगा कधी घालतो ते मला माहीत होतं. मी माझ्या हातानं अपशकुन केला होता. घरी फोन करावा तर तिकडे सगळे झोपलेले असणार.

सकाळी पुढच्या गावाला निघालो. वाटेत हायवेवर एका पेट्रोल पंपाला थांबलो. बाकीचे कॉफी घ्यायला आत गेले. मी पार्किंगमध्ये ट्रकांच्या रांगेशेजारी उभा राहून घरी फोन लावला. आईनं उचलला. मी विचारलं, बाबा कसे आहेत? "बरे आसत. आताच जेवले. गॅलरीत बसलेत." मग मी सांगून टाकलं. आई, काल मी गाऱ्हाणं घातलं. सगळ्यांसमोर.

मला वाटलं आता शिव्या बसणार. मग ती म्हणाली, "तुका सगळां येता?"

येतं, मी म्हटलं.

"मग तेंच्यासमोर घाल. तेंका ऐकांदे."

मी म्हटलं, आई, बाबांच्या समोर कसं घालू?

"अरे, हो नारळ तू गेल्यापासून देवाकडे तसोच आसा. रोज माझ्याकडे बघता तो. घाल तू. काय होवचा ता होवंदे." तिनं फोन स्पीकरवर टाकला. पंख्याचा आवाज यायला लागला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आई लांबून म्हणाली, हां, घाल.

मी ट्रकांकडे पाठ केली. चपला काढल्या, का ते माहीत नाही, जमीन बर्फासारखी गार होती. बाबा, माफ करा, म्हटलं आणि सुरू केलं. बारा गावच्या, बारा वेशीच्या देवा म्हाराजा. आज ह्या घराभायर पडलेल्या लेकराची हाक ऐक रे म्हाराजा.

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली. एकटीच. एरवी घर भरून यायचा तो आवाज एकटीचा किती बारीक वाटत होता.

माझ्या बापाची तब्येत सांभाळ रे म्हाराजा.

आईचा आवाज आला, आणि त्याच्या खाली दुसरा आवाज. खरखरीत, उशिरानं आलेला, अर्धा. "...म्हाराजा."

मी थांबलो. मला वाटलं मला भास झाला. मग आई हळूच म्हणाली, "थांबा नको. म्हण. पुढे म्हण."

मी म्हटलं. काय चुकलं माकलं असेल ते पोटात घाल रे म्हाराजा.

"व्हय म्हाराजा." ह्या वेळी आई बोललीच नाही. ते एकटे बोलले. सबंध. त्यांचाच आवाज, खर्जातला, ओळ संपते तिथे दाबलेला. वर्ष उलटून गेलं होतं तो आवाज ऐकून. रोज संध्याकाळी ऐकत होतो तो वेगळा, तो डब्यात भरलेला होता.

तेव्हा मला कळलं की आम्ही वर्षभर काय केलं. आम्ही सगळे त्यांच्याकडून पुढे उभ्या राहणाऱ्याचं बोलणं मागत होतो. हे काय काका, सांगा, तुम्हीच म्हणायचात ना, ऐका तुमचाच आवाज, म्हणा. त्यांच्याजवळ होकार तेवढा शिल्लक होता, आणि तो द्यायला त्यांना कोणी जागाच दिली नव्हती. रीत मोडायची नाही म्हणून आम्ही सगळे तोंड मिटून उभे राहिलो, निघायच्या दिवशीसुद्धा.

मी पुढे म्हटलं. ते म्हणत गेले. शेवटचं मागणं संपल्यावर आईनं विचारलं, "नारळ फोडूक दिऊ तेंका?" मी म्हटलं, दे. मग एक ठोका, बोथट. डाव्या हातानं असणार. मग दुसरा. मग फुटल्याचा आवाज. मी पार्किंगमध्ये अनवाणी उभा राहून रडलो. गायक दोन कॉफी घेऊन बाहेर आला आणि घाबरून म्हणाला, "काय झालं रे? काका ठीक आहेत ना?" मी मान हलवली. एवढ्या मोठ्या गोष्टीचं त्याला सांगणार काय? बाबा दोन शब्द बोलले, म्हटलं. तो म्हणाला, "वा यार," आणि माझ्या हातात कप दिला.

दौरा संपवून घरी आलो तेव्हा बाबा दारात उभे होते. हसले. बोलले काही नाहीत. मला वाटलं होतं, हळूहळू बाकीचंही येईल. आलं नाही. पाणी म्हणता येत नाही, माझं नाव घेता येत नाही, नारळाचं चित्र अजून ते उलटं करून ठेवतात. आई म्हणाली, मी नव्हतो तेव्हा तिनं घालून बघितलं, शेजारच्या काकांनी घालून बघितलं, बाबा नुसते बघत राहिले. माझ्यामागेच बोलतात. कार्यक्रमात आता त्यांचं रेकॉर्डिंग लावत नाही, मीच बोलतो. ते ह्या जगात असताना बोलतो, त्याची सवय अजून झालेली नाही.

घरी असलो की संध्याकाळी दिवा लावल्यावर गाऱ्हाणं घालतो. बाबा खुर्चीतून उठून माझ्या मागे उभे राहतात, पूर्वी मी त्यांच्या मागे उभा राहायचो तिथे. चारपाच मागण्यांत आमचं सगळं मागून होतं. पण मी थांबत नाही. सोसायटीची लिफ्ट चालू राहू दे रे म्हाराजा. वरच्या मजल्यावरच्यांची गळती बंद होऊ दे रे म्हाराजा. खालच्या वाण्याच्या मुलीचं लग्न जमू दे रे म्हाराजा. आई स्वयंपाकघरातून ओरडते, पुरे झालां, भात निवता. मी तरी मागत राहतो, कारण मी थांबलो की ते थांबतात.